हजार कोसांची ओसरी

वाचकहो, आरंभी एक साधा प्रश्न विचारतो. एका शेतात चार माणसे काम करीत असतात. त्यांच्यात एकोपा कसा होतो? आपण म्हणाल, हा काय प्रश्न झाला! दुपारी झाडाखाली भाकरी सोडतात, एकमेकांच्या फडक्यातला ठेचा चाखून पाहतात, कोणाच्या मुलीचे लग्न ठरले, कोणाची गाय व्याली हे बोलतात, आणि पुन्हा कामाला लागतात. एकोप्यासाठी निराळे काही करावे लागत नाही. खरे आहे. पण समजा, हीच चार माणसे चार ठिकाणी आहेत, मध्ये दोनदोनशे मैलांचे अंतर आहे, आणि काम मात्र एकच आहे. मग ती भाकरी कोणत्या झाडाखाली सोडायची?

हा प्रश्न आज आपल्या दाराशी येऊन उभा राहिला आहे. गावातल्या माडीवर बसून एखादा मुलगा पुण्याच्या कचेरीचे काम करतो. त्याचा वरिष्ठ बंगळूरला असतो, सोबती नागपूरला. २०२० सालच्या टाळेबंदीत तर आपण शिक्षक मंडळींनीही घरात बसून फोनवरून शाळा भरवली. दूर बसून काम होते, हे तेव्हा कळले. आणि काम होऊनही माणूस एकटा पडतो, हेही कळले. म्हणून मोठमोठ्या कंपन्या आपल्या दूरदूरच्या नोकरांसाठी पडद्यावरून खेळ ठेवतात, कोडी घालतात, गाण्याच्या भेंड्या लावतात. सगळ्यांनी मिळून एक व्हावे हा हेतू.

पण हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. सुमारे शंभर वर्षांपूर्वी तो एका देशापुढे जीवनमरणाचा होऊन उभा राहिला होता. त्या देशाचे नाव ऑस्ट्रेलिया. त्याची हकीकत आज आपल्याला सांगायची आहे.

ऑस्ट्रेलिया खंडाची वस्ती समुद्रकाठाने. मधला भाग म्हणजे तांबडी माती, खुरटी झुडपे आणि अफाट रान. तिथे गुरे पाळणारी कुटुंबे राहतात. एकेका कुटुंबाच्या ताब्यातल्या रानाला तिकडे ‘स्टेशन’ म्हणतात. आपल्याकडे स्टेशन म्हटले की आगगाडी आठवते. तिथले स्टेशन म्हणजे एक घर, काही झोपड्या, एक विहीर, आणि चहूकडे कित्येक कोस चरणारी गुरे. शेजारचे घर दिवसभराच्या वाटेवर. डॉक्टर तर त्याहूनही दूर.

१९१७ सालची गोष्ट. वायव्य भागात हॉल्स क्रीक नावाचे लहानसे ठाणे आहे. जिमी डार्सी नावाचा एक तरुण गुराखी घोड्यावरून पडून पोटात जबर जखमी झाला. भावांनी त्याला गाडीत घालून हॉल्स क्रीकला आणले. तिथे डॉक्टर नव्हता. होते टपाल कचेरीतले पोस्टमास्तर टकेट, आणि होती तारेची कट्कट् करणारी कळ. दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या पर्थ शहरात हॉलंड नावाचे डॉक्टर होते. त्यांनी तारेवरून प्रश्न विचारले, रोग ओळखला आणि सांगितले, शस्त्रक्रिया करावी लागेल. कोणी करायची? पोस्टमास्तरांनी. हत्यार कोणते? खिशातला चाकू. बिचाऱ्याने तारेवर येईल ती सूचना वाचीत ते काम केले. इकडे डॉक्टर बोटीने, मोटारीने, शेवटी मिळेल त्या साधनाने निघाले. दहाबारा दिवसांनी पोहोचले, तेव्हा कळले की डार्सी आदल्याच दिवशी वारला होता.

या बातमीने सगळा देश हळहळला. जॉन फ्लिन नावाचे एक ख्रिस्ती धर्मोपदेशक १९१२ पासून या रानात सेवाकार्य करीत होते. त्यांनी मनाशी ठरवले की डॉक्टर विमानाने जायला हवा. पुष्कळ खटपटीनंतर १९२८ च्या मे महिन्यात क्लोनकरी या गावाहून फिरत्या विमानी डॉक्टरची सेवा सुरू झाली. पण विमान आले तरी एक अडचण राहिलीच. डॉक्टरला बोलवायचे कसे? रानात तारा नाहीत, वीज नाही.

ही अडचण आल्फ्रेड ट्रेगर नावाच्या अॅडलेडच्या तंत्रज्ञाने सोडवली. त्याने काय केले, तर सायकलीचे पायडल घेतले आणि त्याला वीज निर्माण करणारे लहान यंत्र जोडले. टेबलाखाली पायांनी पायडल मारायचे, आणि टेबलावर हातांनी बिनतारी यंत्र चालवायचे. वीज ती किती? सुमारे २० वॅट. आपल्या घरातल्या एका नळीदिव्याला लागते, साधारण तेवढीच. पण तेवढ्यावर निरोप शेकडो किलोमीटर जाई. १९२९ साली पहिले यंत्र एका स्टेशनवर बसले. आरंभी मोर्सच्या लिपीत कट्-कडकट् करावे लागे. पाय पायडलवर, बोट कळीवर, आणि मांडीवर तापाने फणफणलेले पोर! म्हणून ट्रेगरने टंकलेखन यंत्रासारखे बटनांचे साधन काढले. अक्षर दाबले की त्याची खूण आपोआप जाई. पुढे १९३० नंतरच्या दशकात प्रत्यक्ष आवाज जाऊ लागला, आणि इथून आपल्या विषयाचा खरा धागा सुरू होतो.

या सेवेत एकत्र काम करणारे कोण कोण होते ते पाहा. केंद्रावर यंत्र सांभाळणारा एक माणूस, एक डॉक्टर, एक वैमानिक. आणि शेकडो किलोमीटरांच्या परिसरात विखुरलेल्या स्टेशनांवरच्या गृहिणी. विमान येईपर्यंत रोग्याची शुश्रूषा त्यांनीच करायची. प्रत्येक घरी औषधांची एक पेटी असे. पुढे पेटीतल्या औषधांना आकडे दिले, आणि शरीराच्या चित्रावरही आकडे घातले. “कितव्या आकड्यापाशी दुखते?” असे डॉक्टर विचारी आणि “अमक्या आकड्याची गोळी द्या” असे सांगे. गमतीने अशीही गोष्ट सांगतात की एका घरी नऊ नंबरचे औषध संपले, तेव्हा घरधन्याने चार आणि पाच नंबरचे मिसळून दिले! गोष्ट हसण्यावारी नेऊ या, पण त्यातले मर्म ध्यानात ठेवू या. आकडे दिले म्हणजे समजूत झाली असे होत नाही. ज्याला आपण कधी पाहिले नाही त्याच्या शब्दावर विसंबून आपल्या मुलाच्या जखमेला हात घालायचा, तर मधे आकड्यांखेरीज आणखी काहीतरी लागते. ते म्हणजे विश्वास. तो कुठून यायचा?

तो आला एका बिनकामाच्या गोष्टीतून. रोज ठरलेल्या वेळी आधी डॉक्टरची कामे होत, मग तारांचे निरोप होत. ते आटोपले की काही वेळ यंत्र सर्वांसाठी मोकळे असे. मग स्टेशनास्टेशनांवरच्या बायका बोलू लागत. पाऊस कुठवर आला, पाव फुगत नाही तर काय करावे, बाळाचे दात, साप निघाला तो कसा मारला, कोणाच्या घरी पाहुणे आले. एकीने बोलायचे, ‘ओव्हर’ म्हणायचे, मग दुसरीने. आणि गंमत अशी की हे बोलणे एकटीदुकटीचे नसे. यंत्र लावून बसलेल्या प्रत्येक घराला ते ऐकू जाई. गुलाबी-करड्या रंगाचा एक काकाकुवा तिकडे थव्याथव्याने झाडावर बसून कलकलाट करतो. त्याचे नाव ‘गलाह’. त्यावरून या गप्पांच्या वेळेला लोकांनी नाव दिले ‘गलाहची बैठक’. पुरुषांनी थट्टेने दिलेले नाव असेल. पण ते टिकले, आणि बैठकही टिकली.

आपल्याकडे दुपारची कामे आटोपली की ओसरीवर बायका निवडणटिपण घेऊन बसतात. ही तीच ओसरी. फक्त तिची लांबी हजार कोसांची. विचार करा, ज्या बाईचा आवाज आपण रोज ऐकतो, तिचे हसणे, तिचे खोकणे ओळखतो, तिने एक दिवस घाबऱ्या आवाजात हाक मारली तर आपण तिला परकी मानू का? रोजच्या फुटकळ बोलण्याने जे खाते जमा होत होते, ते संकटाच्या दिवशी उपयोगी पडत होते. कामाचा निरोप माणसाला काम सांगतो. बिनकामाचा निरोप त्याला आपले माणूस करतो.

आता शिक्षकबंधूंना विशेष जवळचा वाटेल असा पुढचा भाग. या रानातली मुले टपालाने शिकत. अॅडलेडहून धडे येत, आई ते करवून घेई, उत्तरे टपालाने परत जात. शिक्षण होत होते. पण शाळा होत नव्हती. अॅडिलेड मीथकी नावाच्या शिक्षणक्षेत्रातल्या बाई विमानी डॉक्टरच्या संस्थेत काम करीत. मध्य ऑस्ट्रेलियात गेल्या असता त्यांना दिसले की ही मुले हुशार आहेत, पण चार माणसांत बुजतात. बरोबरीच्या मुलांची सवयच नाही. आणि त्यांना हेही दिसले की हीच मुले घरातले बिनतारी यंत्र मात्र सराईतपणे वापरतात. त्यांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. ८ जून १९५१ रोजी ॲलिस स्प्रिंग्ज येथे ‘आकाशातली शाळा’ रीतसर सुरू झाली. फ्लिनसाहेब त्याच्या जेमतेम महिनाभर आधी वारले होते.

प्रारंभी शिक्षिका बोलत आणि मुले ऐकत. लवकरच ध्यानात आले की एवढ्याने भागत नाही, म्हणून पाठाच्या शेवटी प्रश्नोत्तरांचा वेळ ठेवला. मुलाचा आवाज शिक्षिकेला ऐकू जाई, आणि बाकीच्या सगळ्या मुलांनाही. टपालाचे धडे तर चालूच होते. रेडिओने त्यात भर घातली ती वर्गाची. या शाळेचे क्षेत्र सुमारे १३ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या चौपटीहून जास्त. शिक्षक मोटारीने किंवा विमानाने मुलांच्या घरी जाऊन भेटतात, आणि मुलेही अधूनमधून आठवडाभरासाठी गावात एकत्र जमतात. आज रेडिओ जाऊन उपग्रह आणि संगणक आले, पण घरी जाण्याची आणि एकत्र जमण्याची रीत त्यांनी सोडलेली नाही. आवाज पुरतो, पण कायम पुरत नाही, हे त्यांनी ओळखले आहे.

या हकीकतीची दुसरी बाजू सांगितली नाही तर मी आपल्याशी प्रामाणिक राहिलो असे होणार नाही. त्या रानात गुरे राखणारे कष्टकरी बहुसंख्य तिथले मूळ रहिवासी होते. जमीन पूर्वी त्यांचीच. त्यांना मजुरी नाममात्र, पुष्कळदा पीठ, साखर आणि तंबाखू एवढीच. यंत्र असे ते मालकाच्या घरात. म्हणजे जी ओसरी एवढी लांब होती, तिच्यावर घरच्याच कामकऱ्याला बसायला जागा नव्हती. १९६६ च्या ऑगस्टमध्ये वेव्ह हिल नावाच्या स्टेशनावरचे दोनशेच्या आसपास गुरिंजी लोक, बायकामुलांसह, व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या मागून काम सोडून चालते झाले. मालकाला हा धक्का होता. मागणी आधी मजुरीची, आणि मग जमिनीची. १९७५ साली पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी तिथली मूठभर माती लिंगियारींच्या हातात ओतून जमिनीचा काही भाग त्यांना परत केला. संघ बांधायचा म्हणजे आधी संघात कोण कोण आहे हे मोजले पाहिजे. ज्याला मोजलेच नाही, तो एक दिवस उठून जातो.

आपल्या मुलखातही अशीच एक ओसरी मांडली गेली होती, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९५६ सालच्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत ग्रामीण श्रोतृमंडळे स्थापन केली. मूळ कल्पना कॅनडातल्या शेतकऱ्यांच्या रेडिओ-मंडळांची. एका मंडळात वीसेक जण. आठवड्यातून दोनदा सायंकाळी अर्धा तास कार्यक्रम ऐकायचा, मग आपसांत चर्चा करायची, शंका केंद्राकडे लिहून पाठवायच्या, आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे ऐकायची. अभ्यासकांनी नंतर गावे ताडून पाहिली. काही गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते. काही गावांत दोन्ही होते. जिथे लोक एकत्र बसून बोलले, तिथे माहितीत स्पष्टपणे अधिक वाढ झालेली आढळली. कार्यक्रम तोच, आवाज तोच, फरक बसण्याचा. १९५९ साली ही योजना देशभर नेण्यात आली.

या सगळ्यातून आपण काय घ्यावे? आज वाडीवस्तीवरच्या दोन शिक्षकांच्या शाळेत काम करणारी बाई तशी एका मोठ्या संघातच असते. तिच्या फोनवर केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांचा गट आहे. पण त्या गटात येते काय? परिपत्रक, तक्ता, ‘आजच माहिती भरा’ अशी ताकीद. दिवसाला पन्नास निरोप, आणि त्यांतला एकही ‘बाई, कशा आहात?’ विचारणारा नाही. हा झाला टपालाचा धडा. गलाहची बैठक कुठे आहे?

तेव्हा फार खर्चाचे काही नको. पडद्यावरचे ओढूनताणून आणलेले खेळही नकोत. आठवड्यातला एक अर्धा तास ठरवून मोकळा ठेवा, आणि तो मोडू नका. त्या वेळी कामाचे बोलायचे नाही. एकाने बोलायचे, बाकीच्यांनी ऐकायचे, आणि ‘ओव्हर’ म्हणायला विसरायचे नाही. सर्वांत लांबच्या वस्तीवर जो आहे, त्याला पहिली पाळी द्यायची. आणि वर्षातून एकदोनदा तरी खरोखरीच्या झाडाखाली, खरोखरीची भाकरी घेऊन, सगळ्यांनी जमायचे.

पायडल मारणाऱ्या त्या गृहिणींना वीज वीसच वॅट मिळत होती. आपल्या खिशात आज त्याहून कितीतरी समर्थ यंत्र आहे. आज सायंकाळी त्यावरून एखाद्या दूरच्या सहकाऱ्याला, काहीही काम नसताना, हाक मारून पाहा.