पार्श्वभूमी : रायपूरचे धूलिकण आणि महापालिकेची हद्द

रायपूर : रेल्वे स्थानकापलीकडील गुढियारी हा रायपूर शहराच्या वायव्येकडील दाट वस्तीचा आणि घाऊक व्यापाराचा भाग. तो रायपूर महापालिकेत मोडतो. मात्र त्याच्या उत्तरेस काही किलोमीटरवर असलेले उरला औद्योगिक क्षेत्र बिरगाव या स्वतंत्र महापालिकेला लागून आहे आणि सिलतरा त्याहून पुढे, ग्रामीण पट्ट्यात. स्पंज आयर्नच्या कोळशावरील भट्ट्या आणि रोलिंग मिल यांची या दोन्ही क्षेत्रांत दाटी आहे. हिवाळ्यात वारे मुख्यत्वे उत्तर व ईशान्येकडून वाहतात. गच्चीवर साचणाऱ्या काळ्या भुकटीची तक्रार या भागात जुनी आहे.

देशातील मानके १८ नोव्हेंबर २००९ रोजी अधिसूचित झाली. त्यानुसार वार्षिक सरासरी पीएम १० साठी घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम, तर पीएम २.५ साठी ४० मायक्रोग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ मधील शिफारस अनुक्रमे १५ आणि ५ अशी आहे. याच संघटनेच्या २०१४ मधील सूचीत पीएम २.५ च्या बाबतीत दिल्ली, पाटणा आणि ग्वाल्हेरपाठोपाठ रायपूरचे नाव होते.

जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात छत्तीसगडमधील रायपूर, भिलाई आणि कोरबा यांचा समावेश आहे. २०१७ च्या तुलनेत धूलिकण २० ते ३० टक्क्यांनी घटवण्याचे मूळ उद्दिष्ट पुढे २०२५-२६ पर्यंत ४० टक्के करण्यात आले. कृती आराखडा मात्र शहरनिहाय राहिला आणि प्रगतीचे मोजमाप पीएम १० वर होत गेले. परिणामी महापालिकेच्या हाती असलेली कामे पुढे सरकली. रस्ते झाडणारी यंत्रे, पाण्याचे फवारे, पदपथांचे काँक्रीटीकरण ही त्यांतली ठळक. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटच्या २०२४ च्या पाहणीनुसार देशभरातील खर्चापैकी ६४ टक्के रक्कम धूळ नियंत्रणावर गेली. उद्योगांच्या वाट्याला ०.६१ टक्का आला.

रस्त्यावरची जाड धूळ पीएम १० चा आकडा वाढवते, हे खरेच. परंतु फुप्फुसात खोलवर जाणारे कण प्रामुख्याने ज्वलनातून येतात, आणि गंधक वायूपासून हवेतच तयार होणारे सल्फेटचे कण शेकडो किलोमीटर प्रवास करतात. तेथे झाडूचा उपयोग नाही. भट्टीच्या धुरातील राख पकडणारे ईएसपी संयंत्र मोठ्या प्रमाणात वीज खाते; रात्री ते बंद ठेवले जाते, हा रहिवाशांचा आरोप म्हणूनच वारंवार पुढे येतो. ५ एप्रिल २०२४ रोजी गुढियारीतील वीज वितरण कंपनीच्या भांडारात ट्रान्सफॉर्मर पेटले आणि धुराचे लोट शहरभर दिसले. अशी एक दुर्घटना वार्षिक सरासरीत विरून जाते. रोज रात्री धुरांड्यातून सुटणारा धूर विरत नाही.

महाराष्ट्रालाही हा पेच अपरिचित नाही. नागपूर याच कार्यक्रमात आहे. कोराडी व खापरखेडा वीज केंद्रे मात्र नागपूर महापालिकेच्या हद्दीबाहेर आहेत.

दिल्ली परिसरात यावर उपाय म्हणून २०२१ च्या कायद्याने बंधनकारक आदेश देणारा हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोग नेमण्यात आला. छत्तीसगड विधानसभेने जुलै २०२५ मध्ये राज्य राजधानी क्षेत्र विकास प्राधिकरणाचे विधेयक संमत केले. रायपूर, नवा रायपूर आणि दुर्ग-भिलाई यांचा एकत्रित विचार करणारी ही चौकट आहे. नव्या कारखान्यांच्या जागा, मालवाहतुकीचे मार्ग आणि वस्त्यांचा विस्तार वाऱ्याची दिशा पाहून ठरवण्याची संधी त्यात आहे. तथापि धुरांड्यांना संमती देण्याचा वा ती रद्द करण्याचा अधिकार १९८१ च्या हवा प्रदूषण प्रतिबंध कायद्यानुसार छत्तीसगड पर्यावरण संरक्षण मंडळाकडे आहे. त्याच कायद्याच्या कलम १९ अन्वये राज्य शासन मंडळाशी विचारविनिमय करून कोणतेही क्षेत्र ‘हवा प्रदूषण नियंत्रण क्षेत्र’ घोषित करू शकते. त्यासाठी ते एकाच महापालिकेच्या हद्दीत असण्याची अट नाही.