ढोरं ओढणाऱ्यांच्या लेकीने पशुवैद्यक व्हावे की नाही?

गेल्या वर्षी निकालानंतर आम्ही वस्तीतल्या एका घरी बसलो होतो. मुलीला नीटमध्ये बरे गुण होते, पण एमबीबीएसला ते पुरणार नव्हते. आम्ही म्हणालो, पशुवैद्यकीयचा अर्ज भर, तिथे नंबर लागू शकतो. ती काही बोलायच्या आत तिचे वडील म्हणाले, "सर, माझ्या आज्यानं गावची ढोरं ओढली. बाबासाहेबांच्या शब्दाखातर बापानं ते सोडलं. आता मी पोरीला परत ढोरांत घालू?"

आम्हाला तिथल्या तिथे उत्तर सुचले नाही. समाजशास्त्रात एमए करूनही सुचले नाही. प्रश्न अडाणीपणाचा नव्हता, इतिहासातून आलेला होता. म्हणून उत्तरही इतिहासातच शोधावे लागेल.

हात आमचे, ज्ञान त्यांचे

गावगाड्यात मेलेले जनावर गावाबाहेर नेणे हे महाराचे काम होते. ते 'बावन्न हक्कां'त मोजले जाई. नाव हक्काचे आणि काम वेठीचे! बदल्यात हाडोळ्याची तुटपुंजी जमीन, दारोदारचे बलुते आणि त्या मेलेल्या जनावराचे मांस. जिवंत गाय पाटलाच्या गोठ्यात, दूध त्याच्या घरात आणि मेली की ती महारवाड्याची. पुढे कातड्याचे काम चांभार आणि ढोर समाजाकडे जाई. 'ढोर' हा शब्दच पाहा. जनावरालाही ढोर म्हणायचे आणि कातडे कमावणाऱ्या माणसाच्या जातीलाही ढोर म्हणायचे. या भाषेत माणसाची आणि जनावराची पायरी कोणी एक केली, हे वेगळे सांगायला नको.

आता दुसरी बाजू पाहू. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारला जनावरांच्या साथींनी हैराण केले. बुळकांडी आली की गावेच्या गावे बैलांवाचून पडत. १८७१ मध्ये हॅलन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाचा गुरांच्या साथींवरचा अहवाल आला. त्याच काळात उत्तर भारतात चांभारांवर एक भयंकर आरोप होत होता. कातड्यासाठी ते गुरांना विष घालतात, असे म्हटले जाई. कित्येकांवर खटले झाले, अख्ख्या जातीवर संशय घेतला गेला. पण ज्या मृत्यूंचा ठपका चांभारांवर ठेवला गेला, त्यांतले बरेच साथीच्या रोगाने झाले असावेत, हे पुढे अधिकाऱ्यांच्याही लक्षात येऊ लागले. इतिहासकार सौरभ मिश्रा यांनी या प्रकरणावर सविस्तर लिहिले आहे. म्हणजे जनावर मेले की ते उचलायला आम्ही आणि का मेले ते कळले नाही की गुन्हेगारही आम्हीच.

१८८६ मध्ये मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. सर दिनशा पेटिट यांच्या देणगीचा त्याला मोठा आधार होता. १८८९ मध्ये पुण्यात 'इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी' निघाली. ती १८९३ मध्ये मुक्तेश्वरला गेली आणि पुढे देशातली सर्वांत मोठी पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली. आता जनावराच्या शरीराचे शास्त्र झाले, त्याला पदवी आली, पगार आला, मान आला. पण त्या दारातून आत जायला शाळा हवी होती, इंग्रजी हवे होते, शहरात राहण्याचा खर्च हवा होता. महारवाड्यातल्या पोराला शाळेच्या ओट्यावर बसू देत नव्हते, तो परळला कसा पोहोचणार?

फाशीने मेलेले जनावर

हा भेद केवळ मानापमानाचा नव्हता, जीवनमरणाचा होता. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला आज सुरुवातीलाच एक गोष्ट घोकवली जाते. फाशी रोगाने, म्हणजे अँथ्रॅक्सने, जनावर मेल्याचा संशय असेल तर ते उघडायचे नाही. नाकातोंडातून काळपट, न गोठणारे रक्त येत असेल तर सुरी लावायची नाही, कातडे सोलायचे नाही. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचे. त्या रोगाचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात आणि कातडे सोलणाऱ्याच्या हातावरच्या साध्या जखमेतून शरीरात शिरतात.

आमच्या पणज्यांनी अशी जनावरे ओढली, सोलली आणि खाल्लीही. त्यांतले कितीजण त्यापायी गेले याची नोंद कोण ठेवणार? ज्यांच्या हाताला धोका होता त्यांच्यापर्यंत ज्ञान येऊ दिले नाही आणि ज्यांच्याकडे ज्ञान आले त्यांच्या हाताला धोका नव्हता. जातिव्यवस्था म्हणजे श्रमिकांचीच विभागणी, असे बाबासाहेब सांगत. त्याचे याहून उघडे उदाहरण कोणते?

बाबासाहेबांनी काय सोडायला सांगितले?

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचा आणि ढोरे न ओढण्याचा निर्धार झाला. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात ते पुन्हा या विषयावर आले. गावात वर्षाला इतकी जनावरे मरतात, त्यांची हाडे, शिंगे, कातडी विकून इतके उत्पन्न मिळते, ते अस्पृश्य का सोडतात, असा हिशेब 'केसरी'त मांडला गेला होता. बाबासाहेबांचे उत्तर सरळ होते: एवढा फायदा आहे तर तुम्हीच ओढा आणि तुम्हीच मिळवा.

बारकाईने पाहिले तर बाबासाहेबांनी सोडायला सांगितली ती सक्ती. जन्माने माथी मारलेले, नाकारता न येणारे आणि केले म्हणून हीन ठरवणारे काम. जनावरांचे शास्त्र शिकू नका, असे त्यांनी सांगितलेले नाही. उलट १९४२ मध्ये मजूरमंत्री असताना व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात त्यांनी मांडले की, केवळ कला आणि कायद्याच्या पदव्यांनी अनुसूचित जातींचे फारसे भले होणार नाही. विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे आणि त्यासाठी सरकारने शिष्यवृत्त्या द्याव्यात. १९४४-४५ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपली पोरे जी भारत सरकार शिष्यवृत्ती घेतात तिचे मूळ तिथे आहे.

काही अभ्यासक, उदाहरणार्थ कांचा इलय्या, कातडे कमावणाऱ्या जातींना या देशाचे पहिले वैज्ञानिक म्हणतात. त्या म्हणण्यातला स्वाभिमान आम्हाला कळतो. पण एक सावधगिरी हवी. कौशल्याचा गौरव करता करता सक्तीचाही गौरव होऊ नये. जुलै २०१६ मध्ये उनाजवळ मेलेली गाय सोलणाऱ्या तरुणांना मारहाण झाली. त्यानंतर गुजरातच्या दलितांनी मेलेली जनावरे सुरेंद्रनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयापुढे नेऊन टाकली. तो १९२७ च्याच निर्धाराचा पुढचा अध्याय होता.

दार उघडले ते कसे?

१९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १५(४) आला आणि शिक्षणातल्या राखीव जागांना घटनेचा स्पष्ट आधार मिळाला. धम्मदीक्षेनंतर दोन वर्षांनी, १९५८ मध्ये, त्याच नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. मुंबई राज्यातली कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदाही १९५८ चाच. एकीकडे ओढण्याची सक्ती कायद्याने संपत होती, दुसरीकडे तपासण्याचे शिक्षण जवळ येत होते. पुढे परभणी, उदगीर, शिरवळ येथे महाविद्यालये झाली आणि २००० मध्ये नागपूरला महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले.

पण बौद्धांची वाट इथेही अडवली गेली. धर्म बदलला म्हणून केंद्राने अनुसूचित जातीच्या सवलती काढल्या. राज्याने १९६० नंतर नवबौद्ध म्हणून सवलती दिल्या, तरी केंद्राच्या यादीत येण्यासाठी १९९० उजाडावे लागले. एक अख्खी पिढी त्यात गेली.

आजचे अडथळे

आज पदवी साडेपाच वर्षांची आहे, त्यात एक वर्षाची इंटर्नशिप. १९८४ च्या कायद्याने नोंदणीकृत पशुवैद्यकालाच उपचाराचा अधिकार आहे. पशुधन विकास अधिकारी हे राजपत्रित पद लोकसेवा आयोगातून भरले जाते. गावात साथ आली की लस कोणाला, पंचनामा कसा, जनावर पुरायचे कुठे, हे तो अधिकारी ठरवतो. ज्या गावाने आज्याला वेशीबाहेर ठेवले, त्या गावाचा पाटील गाय आजारी पडली की नातीच्या टेबलासमोर उभा राहणार. हे 'परत ढोरांत जाणे' आहे का?

तरी आपली पोरे गळतात आणि बहुतेक वेळा गुणांपेक्षा माहितीच्या अभावाने गळतात. नीट दिली म्हणजे सगळीकडे अर्ज गेला, असा समज असतो. पशुवैद्यकीयच्या राज्यातल्या जागांसाठी पशु विज्ञान विद्यापीठाकडे वेगळा अर्ज करावा लागतो. देशपातळीच्या १५ टक्के जागांचा अर्ज आणखी वेगळा आणि तिथे जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. जात वैधता प्रमाणपत्र ऐनवेळी मिळत नाही. अकरावीतच त्या कामाला लागले पाहिजे. चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी जयंतीच्या वर्गणीइतकाच वेळ या कागदांना दिला, तर दरवर्षी प्रत्येक तालुक्यातून दोन-चार नावे यादीत दिसतील.

त्या मुलीचा अर्ज गेल्या वर्षी राहिला. आम्ही उत्तर शोधत बसलो आणि तारीख निघून गेली, ही आमची चूक. ती पुन्हा तयारी करते आहे. वडिलांनी अजून होकार दिलेला नाही. पण परवा त्यांचा फोन आला: "सर, पडताळणीला १९५० च्या आधीचा पुरावा मागतात म्हणे. आज्याच्या नावाचा हाडोळ्याचा कागद आहे घरात. त्याच्यावर 'महार' लिहिलंय. चालंल का?"

आम्ही म्हणालो, चालेल. जपून ठेवा आणि घेऊन या.

ज्या कागदाने आज्याला ढोराच्या दोरीला बांधले, तोच कागद नातीसाठी महाविद्यालयाचे दार उघडणार असेल, तर तो वापरायचाच.

जयभीम!