हॉर्नला सिग्नलचे उत्तर

जानेवारी २०२० च्या अखेरीस मुंबई पोलिसांनी समाजमाध्यमांवर ‘द पनिशिंग सिग्नल’ ही छोटी चित्रफीत प्रसिद्ध केली. दिवा लाल असतानाही हॉर्न वाजविणाऱ्यांसाठी शहरातील काही सिग्नलना ध्वनिमापक यंत्रे जोडण्यात आली होती. आवाज ८५ डेसिबलपुढे गेला, की लाल दिव्याची उलटी गणती पुन्हा सुरुवातीपासून होई. जितके हॉर्न अधिक, तितकी प्रतीक्षा अधिक. अल्पावधीतच ही चित्रफीत देशाबाहेरही पोहोचली.

तिच्या यशाचे मर्म विषयाच्या निवडीत आहे. हॉर्नचा त्रास मुंबईकर रोज सोसतो आणि अनेकदा हॉर्न वाजविणाराही तोच असतो. उपदेश टाळून पोलिसांनी केवळ परिणाम दाखविला. प्रेक्षकाने त्यात स्वतःला ओळखले. डिसेंबर २०१५ मध्ये तेव्हाच्या ट्विटरवर खाते उघडल्यापासून चित्रपटांतील संवाद व कोट्यांच्या आधारे नियम समजावण्याची पद्धत त्यांनी रुजविली होतीच.

मात्र विनोदाने लक्ष वेधले जाते, विश्वास मिळतोच असे नाही. तक्रार करणाऱ्या नागरिकाला वेळेवर उत्तर मिळाले, तरच पुढच्या कोटीला तो मनापासून हसतो. समाजमाध्यमांवर लिहिणाऱ्या प्रत्येक संस्थेने हे ध्यानात ठेवावे.