शर्टाचं बटण आणि परळची एक शाळा

पनवेलहून मी. आजचा भाग एका डिग्रीच्या इतिहासावर आहे. ऐकायला बोअर वाटतंय, माहितीये. पण पाच मिनिटं थांबा, कारण या गोष्टीत पोलिओ आहे, महायुद्ध आहे, फिलाडेल्फियाहून मुंबईत आलेली एक बाई आहे आणि आमच्या बाबांचा शर्टही आहे.

माझी धाकटी बहीण सध्या ऑक्युपेशनल थेरपीत मास्टर्स करतेय. एमओटीएच म्हणतात त्याला. सकाळी सहाच्या सुमाराची हार्बर लोकल पकडायची, कुर्ल्याला उतरून गाडी बदलायची, दिवसभर पेशंट आणि लेक्चर्स, आणि परतीच्या गाडीत सीट मिळालीच तर मांडीवर डिझर्टेशनचा डेटा. मागच्या महिन्यात एका लग्नात मामींनी तिला विचारलं, "नक्की काय शिकतेस गं?" ती शुद्ध मराठीत म्हणाली, "व्यवसायोपचार." मामी म्हणाल्या, "अरे वा! म्हणजे अपंगांना धंदा शिकवतात का?"

आम्ही हसलो. पण घरी येताना मला वाटलं, यात मामींची काय चूक? सरकारी कागदांवर हाच शब्द आहे. महाराष्ट्रात या लोकांची नोंदणी करणारी परिषदसुद्धा 'व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार' अशी आहे. आणि आपल्याकडे व्यवसाय म्हणजे दुकान किंवा नोकरी. मूळ कल्पनेत मात्र व्यवसाय म्हणजे माणसाचा दिवस ज्या कामांनी भरलेला असतो ते सगळं. दात घासणं, भाकरी थापणं, शाळेत पाटीवर लिहिणं, पत्ते खेळणं. आजारपणाने यातलं जे हातातून सुटलं, ते परत मिळवून द्यायचं.

मला हे कळलं ते बाबांमुळे. बाबा एसटीत कंडक्टर होते. आठ वर्षांपूर्वी त्यांना पॅरालिसिसचा अटॅक आला. उजवी बाजू गेली. मी तेव्हा इंजिनिअरिंगला, बहीण बारावीला. फिजिओथेरपीने बाबा तीन महिन्यांत काठी घेऊन चालायला लागले. सगळे म्हणाले, चला, बरे झाले. पण शर्टाचं बटण लागत नव्हतं. आई लावायची. बाबा तेव्हा भिंतीकडे बघत उभे राहायचे. बाहेर जाणं त्यांनी हळूहळू बंदच केलं. चालता येत होतं, तरी.

मग कुणीतरी एका ऑक्युपेशनल थेरपिस्टचं नाव सुचवलं. त्या बाईंनी पहिल्या दिवशी व्यायाम दिलाच नाही. विचारलं, "काका, काम काय करायचात?" दुसऱ्या आठवड्यात त्यांनी बाबांच्या हातात पंच दिला. कंडक्टरचा पंच, तो आमच्याकडेच होता. आणि जुन्या पत्रिकांचे कापलेले तुकडे. बाबांनी मशीन येण्याआधी वर्षानुवर्षं पंचिंग केलेलं. दाबायचं, सोडायचं. दाबणं जमत होतं, बोटं उघडून सोडणं जमत नव्हतं, आणि पंचच्या स्प्रिंगला नेमकं तेच करायला मदत होत होती. आधी दिवसाला दहा तिकिटं. मग पन्नास. मग चिमटीत नाणं धरायचं. मग मोठं बटण. मग शर्टाचं.

बहिणीने नीटची रँक बघून एमबीबीएसचा नाद सोडला आणि ही सीट घेतली, ती त्यानंतर. आता इतिहास.

हे शास्त्र ज्यांनी उभं केलं त्यातले काही जण डॉक्टरच नव्हते. जॉर्ज बार्टन हा अमेरिकन आर्किटेक्ट. क्षयरोग झालेला, पायाचा भाग कापावा लागला, त्यात डाव्या अंगाला लकवा. तो सुतारकाम आणि बागकाम करत स्वतःला सावरत गेला, आणि त्याच्या लक्षात आलं की हॉस्पिटलं माणसाला जिवंत परत पाठवतात, पण कामाला लागण्याच्या अवस्थेत नाही. मार्च 1917 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी, त्याच्या घरी, मोजक्या लोकांनी मिळून या विषयाची पहिली राष्ट्रीय संस्था काढली. पुढच्याच महिन्यात अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. जखमी सैनिक परत येऊ लागले आणि त्यांना पुन्हा उभं करायला अचानक शेकडो प्रशिक्षित बायका लागल्या. 1918 मध्ये फिलाडेल्फियात याची शाळा निघाली. ही शाळा लक्षात ठेवा.

आता मुंबई. 1940 च्या दशकात पोलिओने मुलं लंगडी होत होती आणि पुढे काय करायचं याची सोय जवळपास नव्हती. फातिमा इस्माईल यांच्या स्वतःच्या मुलीला पोलिओ झाला. तिच्यासाठी उपचार शोधता शोधता त्यांनी 1947 मध्ये मुंबईत अशा मुलांसाठी दवाखाना सुरू केला. हाजी अलीला मुलांचं जे ऑर्थोपेडिक हॉस्पिटल उभं राहिलं, त्याचं मूळ हेच.

आणि इथे येतात कमलाबाई निंबकर. जन्माचं नाव एलिझाबेथ लंडी. अमेरिकेतल्या क्वेकर घरातली मुलगी. विष्णू निंबकरांशी लग्न करून भारतात आली, नाव बदललं, इथलीच झाली. वयाची चाळिशी उलटल्यावर त्या परत अमेरिकेला गेल्या आणि फिलाडेल्फियाच्या त्याच शाळेत विद्यार्थिनी म्हणून बसल्या. आपण तिशीत पीजी करायचं की नाही यावर रात्र रात्र चर्चा करतो! त्या शिकून परत आल्या, आणि 1950 मध्ये परळच्या केईएम हॉस्पिटलात भारतातली ऑक्युपेशनल थेरपीची पहिली शाळा सुरू झाली.

तारीख किती लवकरची आहे बघा. जपानमध्ये अशी पहिली शाळा निघाली 1963 मध्ये. आपण तेरा वर्षं पुढे होतो. 1952 मध्ये अखिल भारतीय संघटना झाली, कमलाबाई तिच्या संस्थापक. त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन झाला, आणि त्याच्या दहा संस्थापक देशांमध्ये भारत होता. पुढे कमलाबाईंनी नागपुरातही हे शिक्षण सुरू केलं. 1955 मध्ये हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आली.

मराठी वाचकांसाठी एक धागा. कमलाबाईंचे चिरंजीव म्हणजे फलटणचे कृषी संशोधक बनबिहारी निंबकर, आणि सून म्हणजे लेखिका जाई निंबकर, इरावती कर्व्यांच्या कन्या. फलटणमधली कमला निंबकर बालभवन ही शाळा यांच्याच नावाची. शाळेमुळे नाव अनेकांना माहीत असतं. परळचं काम फार थोड्यांना.

आमच्या पनवेलजवळ नेऱ्याला शांतिवन आहे, कुष्ठरोग निवारण समितीचं. लहानपणी त्या रस्त्याने जाताना मोठी माणसं आवाज खाली करायची. कुष्ठरोगात नसा बधिर होतात, बोटं वाकतात, आणि गरम भांडं धरलेलं कळतच नाही. 1940 च्या दशकाच्या अखेरीस वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड अशा हातांवर शस्त्रक्रिया करू लागले. पण स्नायूबंध नव्या जागी जोडला म्हणजे झालं असं नसतं. त्या हाताने घास कसा घ्यायचा, हत्यार कसं धरायचं, न भाजता चहाचा कप कसा उचलायचा, हे मेंदूला आणि माणसाला नव्याने शिकवावं लागतं. हत्याराची मूठ जाड करायची, कपाला कापड गुंडाळायचं. दिसायला किरकोळ गोष्टी. माझ्या भाषेत सांगायचं तर युजर बदलता येत नसेल, तर इंटरफेस बदला. बहीण म्हणते, आम्ही दोन्ही बदलतो.

मग एवढ्या लवकर सुरुवात करूनही मामींना हा शब्द माहीत का नाही?

एक कारण कायद्यात आहे. नर्सिंगचा देशपातळीवरचा कायदा 1947 चा. फार्मसीचा आणि डेंटिस्टांचा 1948 चा. महाराष्ट्राने या लोकांसाठी राज्यापुरता कायदा केला, पण देशभरासाठी ऑक्युपेशनल थेरपीला कायद्याची चौकट मिळाली ती 2021 च्या ॲलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याने. शाळेनंतर 71 वर्षांनी. एवढा काळ, अभ्यासक्रम कोणता, कोण स्वतःला थेरपिस्ट म्हणवू शकतं, याला देशभर एकच उत्तर नव्हतं.

दुसरं कारण पेशंट बदलले. भारतात पोलिओची शेवटची केस जानेवारी 2011 मधली, आणि 2014 मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. आनंदाचीच गोष्ट. पण ज्या आजारामुळे लोकांना पुनर्वसन डोळ्यांना दिसायचं तो गेला. आता ओपीडीत येतात स्ट्रोकचे पेशंट, ऑटिझमची मुलं, एक्स्प्रेसवेवरच्या अपघातातले तरुण. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, 2016 च्या कायद्यात एकवीस झाले. म्हणजे गरज वाढली. माणसं त्या मानाने नाहीत.

आणि जी आहेत त्यांना विमान दिसतं. बहिणीच्या वर्गात अर्ध्या गप्पा परदेशातल्या लायसन्स परीक्षांच्या. अमेरिकेत 2007 पासून या पेशात यायला पदव्युत्तर शिक्षणच लागतं, त्यामुळे इथल्या मास्टर्सला तिथे वजन आहे. पगारातला फरक मी सांगायला नको. मी स्वतः आयटीत, मी कुठल्या तोंडाने तिला थांबवू? तिनेही फॉर्म भरायला काढलाय, अजून सबमिट केलेला नाही. मी या भागाची तयारी करताना तिला म्हटलं, "बघ, एक बाई फिलाडेल्फियात शिकून परळला आली. तू उलट्या दिशेने." ती म्हणाली, "दादा, त्यांना इथे येऊन शाळा काढता आली. मला इथे आधी नोकरी तरी दे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

एवढं मात्र सांगतो. तुमच्या घरी कुणाला स्ट्रोक झाला असेल, आणि "चालतायत ना, मग झालं" असं सगळे म्हणत असतील, तर हॉस्पिटलात विचारा, इथे ऑक्युपेशनल थेरपीचा विभाग आहे का. मुंबईत केईएम, सायन, नायर आणि हाजी अलीला आहे. विचारताना हेही सांगा की माणूस आधी काय करायचा.

बाबा आता रोज संध्याकाळी बल्लाळेश्वराच्या देवळापर्यंत जाऊन येतात. शर्ट घालायला सात-आठ मिनिटं लागतात. आई बाहेर चपला घालून थांबते, आत जात नाही.

भेटू पुढच्या भागात. तुमच्या घरात असा एखादा पंच असेल तर कमेंटमध्ये नक्की सांगा.