वावडे

‘वावडे’ हा मराठीतला मोठा सोयीचा शब्द आहे. पंगतीत वाढप्याने वांग्याची भाजी पुढे केली, आणि एखाद्याने पानावर हात आडवा धरून ‘मला वांग्याचे वावडे आहे’ एवढे म्हटले, की आग्रह तेथेच थांबतो. कारण विचारण्याची रीत नाही आणि सांगण्याची सक्तीही नाही. या एका शब्दाभोवती आणखी किती शब्द गोळा झाले आहेत पहा. एखादा पदार्थ मानवतो, एखादा सोसत नाही, एखादा बाधतो. आणि बाधला म्हणजे अंगभर तांबडे, फुगीर चट्टे येतात, त्यांस आपण ‘गांधी उठल्या’ असे म्हणतो. गांधीलमाशी चावल्यावर जशी सूज येते तशी ही सूज. ज्या दुखण्यासाठी एवढे शब्द आहेत ते दुखणे काल-परवाचे नसणार हे उघड आहे. तथापि नाव सर्वांस ठाऊक आणि कारण मात्र कोणासच सापडत नाही, अशी त्याची जुनी ख्याती आहे. अशा दुखण्याने गांजलेला मनुष्य शेवटी निसर्गोपचाराच्या दारी का जातो, आणि तेथे त्याला जे मिळते ते नेमके काय असते, यांचा इतिहास मला आज सांगावयाचा आहे.

प्रारंभ महाराष्ट्राबाहेरून करू. रायपूर शहरात तात्यापारा नावाची जुनी वस्ती आहे. छत्तीसगढी बोलीत ‘पारा’ म्हणजे आळी किंवा मोहल्ला; ‘तात्या’ या शब्दाचे मूळ मराठी माणसास सांगावयास नको. अठराव्या शतकाच्या मध्यास नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगढावर बसला आणि १८५४ साली इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले तेव्हा तो सरला. राज्य गेले, पण मराठी कुटुंबे राहिली. ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण यांवर पोसलेली माणसे अशा रीतीने धानाच्या मुलखात स्थिर झाली. तेथे रात्रीचा भात पाण्यात ठेवून सकाळी ‘बासी’ म्हणून खातात. तेथील शेतांत भातकापणीच्या सुमारास ओल्या मातीत ‘तिवरा’ पेरतात. विदर्भात आपण त्यालाच लाखोळी म्हणतो.

हा तिवरा आपल्या विषयाला एक मोलाचा भेद शिकवितो. कर्नल स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात सागर भागातली एक हकीकत नोंदविली आहे. १८२९ साली गारपिटीने, पुढच्या वर्षी अवर्षणाने आणि त्यापुढच्या वर्षी तांबेऱ्याने रब्बीची पिके गेली. तगला तो तिवरा. लोकांनी तोच खाल्ला. मग गावोगावची तिशीच्या आतली तरुण माणसे कमरेखाली लुळी पडू लागली. यास वावडे म्हणता येईल काय? नाही. येथे दोष खाणाऱ्यात नव्हता, दाण्यात होता. १९६१ साली सरकारने या डाळीच्या विक्रीवर बंदी घातली, १९६४ साली तिच्यातले मज्जातंतूंना घातक असे द्रव्य ओळखण्यात आले, आणि पुढे रायपूरच्याच इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने ते द्रव्य अत्यल्प असलेले ‘महातिवरा’ नावाचे वाण काढले. विष हे सर्वांनाच विष असते. वावड्याची गोष्ट निराळी. एकाच पंक्तीला बसलेल्या वीस जणांपैकी एकोणीस जण तृप्त होऊन उठतात आणि विसाव्याच्या अंगाला खाज सुटते.

हा विसावा मनुष्य आपल्या जुन्या वैद्यांच्या नजरेतून सुटलेला नव्हता. चरकसंहितेत ‘सात्म्य’ ही कल्पना आहे. जे ज्याच्या देहास मानवते ते त्याचे सात्म्य, आणि सवयीनेही एखादी वस्तू सात्म्य होऊ शकते, असे चरकाचे मत. दूध आणि मासे एकत्र खाऊ नयेत, हा विरुद्ध आहाराचा नियम तेथलाच. माधवनिदानात तर ‘शीतपित्त’ असे स्वतंत्र प्रकरण असून त्या चट्ट्यांस उपमा दिली आहे ती वरटीच्या दंशाची, म्हणजे आपल्या गांधीलमाशीचीच. संस्कृत पंडित आणि मराठी आजीबाई यांची उपमा एक निघावी, हा मला मोठा गोड योगायोग वाटतो. परंतु ज्यांचे आडनावच गांधी त्यांनी पुढे या विकाराच्या उपचारपद्धतीला पुण्यात आश्रय द्यावा, हा त्याहून मौजेचा योगायोग आहे. तिकडे वळण्यापूर्वी युरोपात काय घडत होते ते पाहणे आवश्यक आहे.

१९०१ साली मोनॅकोच्या राजपुत्राच्या नौकेवर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ समुद्रातल्या विषारी जीवांचा अभ्यास करीत होते. परत आल्यावर त्यांनी तशाच एका सागरी जीवाचे विष कुत्र्यांना थोडे थोडे टोचून त्यांच्या ठायी प्रतिकारशक्ती आणण्याचा प्रयत्न केला. अपेक्षा होती की दुसऱ्या वेळी कुत्रा ते विष सहज सोसेल. घडले उलटेच. काही आठवड्यांनी अगदी अल्प मात्रा टोचताच कुत्रा काही मिनिटांत गतप्राण झाला. देह रक्षणासाठी जी तजवीज करतो तीच त्याच्यावर उलटू शकते, हा तो शोध. त्याबद्दल रिशे यांना १९१३ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. दरम्यान १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने ‘ॲलर्जी’ हा शब्द घडविला. म्हणजे आपला ‘वावडे’ त्याचा किती तरी ज्येष्ठ बंधू!

या इतिहासातला माझा आवडता प्रयोग मात्र १९२१ सालचा आहे. हाइन्झ क्यूस्टनर या जर्मन डॉक्टरास मासे वर्ज्य होते. खाल्ले की अंगावर गांधी उठत. कार्ल प्राउसनिट्झ या त्याच्या सहकाऱ्यास मासे उत्तम मानवत. प्राउसनिट्झने क्यूस्टनरच्या रक्तातला द्रव आपल्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तत्काळ तेथे चट्टा फुगला. मित्राचे वावडे हातभर जागेपुरते का होईना, पण याच्या अंगी आले! रक्तात काहीतरी आहे एवढे सिद्ध झाले. ते काहीतरी म्हणजे ‘आयजीई’ नावाचे प्रतिद्रव्य, हे कळण्यास १९६६-६७ साल उजाडावे लागले.

आता निसर्गोपचाराकडे येऊ. त्याचा वंश वेगळा. लाइप्झिगच्या लुई कूने याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रतिपादन केले की रोग अनेक नाहीत, एकच आहे. शरीरात साचलेला मल हे सर्वांचे कारण, आणि तो बाहेर टाकणे हा सर्वांचा उपाय. कूनेचे कटिस्नान आणि मातीची पट्टी यांनी गांधीजींना दक्षिण आफ्रिकेतच वेड लावले. १९४२ साली आगाखान पॅलेसच्या बंदिवासात त्यांनी आरोग्यावर पुस्तक लिहिले ते याच श्रद्धेने. पुण्यास डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र होते. तेथे गांधीजी वारंवार राहिले आणि १८ नोव्हेंबर १९४५ रोजी त्यासाठी झालेल्या विश्वस्त संस्थेचे अध्यक्षही झाले. पण थोड्याच दिवसांत त्यांच्या मनाने घेतले की गरिबांचा उपचार शहरातल्या बंगल्यात होणे नाही. २२ मार्च १९४६ रोजी ते उरुळी कांचन या पुण्याजवळच्या खेड्यात आले, आठवडाभर रोगी तपासले, आणि १ एप्रिल रोजी तेथे आश्रम स्थापन झाला. मणिभाई देसाई या तरुणाने तो पुढे आयुष्यभर सांभाळला. पुण्यातल्या वास्तूत १९८६ साली केंद्र सरकारची राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था सुरू झाली. रायपूरहून पुण्यास येणारी आझाद हिंद एक्स्प्रेस दौंड ओलांडल्यावर उरुळीच्या स्थानकावरूनच पुढे जाते. तेव्हा तात्यापाऱ्यातल्या रोग्यास हा मार्ग परका नाही.

अशा आश्रमात रोग्यास काय करावयास लावतात? प्रथम उपवास किंवा फळांचा रस. मग काही दिवस उकडलेल्या भाज्या. मीठ-मसाला नाही, चहा नाही, दूध नाही, तळलेले नाही. पोटावर मातीची पट्टी, एनिमा, कटिस्नान, उन्हात फिरणे, रात्री लवकर निजणे. मग हळूहळू एकेक पदार्थ परत येतो. ज्याला वर्षभर नाना औषधांनी गुण आला नाही त्याची खाज पंधरवड्यात थांबते. तो गावी जाऊन सांगतो की मल गेला, रोग गेला. त्याला आलेला गुण खोटा म्हणण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. प्रश्न गुणाचा नाही, कारणाचा आहे.

कॅलिफोर्नियातल्या ॲल्बर्ट रो या डॉक्टराने १९२० नंतरच्या दशकात अशा रोग्यांसाठी एक आहारक्रम बसविला. संशयित पदार्थ सगळे बंद करावयाचे, मोजक्या निरुपद्रवी अन्नावर काही दिवस ठेवावयाचे, आणि मग एका वेळी एकच पदार्थ परत देऊन काय होते ते टिपावयाचे. आश्रमातला क्रम याच्याशी किती जुळतो पहा! निसर्गोपचारकाने मल काढण्यासाठी म्हणून जे केले त्यात नकळत हा सारा प्रयोग होऊन जातो. किंबहुना अशा वर्ज्यातूनच एक मोठा शोध लागला आहे. विलेम डिके हा डच बालरोगतज्ज्ञ पोटाच्या चिवट विकाराने खंगणाऱ्या मुलांवर उपचार करीत असे. त्याला गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला. इतर लोक उपासाने कासावीस होत असता ही मुले सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. सीलियाक या रोगाचे गव्हाशी असलेले नाते असे पक्के झाले.

डिके याने मात्र गव्हावर बोट ठेवले. ‘मल गेला’ म्हणून तो स्वस्थ बसला नाही. निसर्गोपचाराचे उणे नेमके येथे आहे. तेथे एकाच दिवशी दहा गोष्टी बदलतात, आणि गुण आला की श्रेय दहांनाही मिळते. खाज थांबली ती दूध सोडल्याने, की चहा सोडल्याने, की कचेरीतून महिनाभर सुटका झाल्याने, हे रोग्यास कधीच कळत नाही, आणि तो जन्मभर दहाही पथ्ये डोक्यावर वाहतो. शिवाय सहा आठवड्यांहून अधिक रेंगाळणाऱ्या गांधींपैकी बहुतेकांचे कारण अन्न नसतेच, आणि त्यांतल्या अनेक कालांतराने आपोआप जातात. चोर निघून जाताना दारात जो उभा असेल त्यालाच पहारेकऱ्याचे इनाम मिळावे, तसे हे आहे. म्हणूनच १९७६ साली चार्ल्स मे या अमेरिकन डॉक्टराने नवी कसोटी मांडली. संशयित पदार्थ झाकून द्यावयाचा, आणि कोणत्या खेपेस खरा दिला हे रोग्यास नाही, देणाऱ्यासही नाही ठाऊक.

एका बाबतीत मात्र माझे मत कडक आहे. उपचार चालू असताना दुखणे वाढले तर काही निसर्गोपचारक त्यास ‘उभार’ म्हणतात, दबलेला रोग वर येत आहे असे समजावतात. खरी ॲलर्जी जेव्हा भडकते, ओठ सुजतात, घसा आवळतो, श्वास लागतो, तेव्हा हा शब्द प्राणघातक आहे. तेथे काम ॲड्रेनलीनच्या सुईचे. आणि तेही मिनिटांत. गांधीजींचेच उदाहरण घ्या. येरवड्याच्या तुरुंगात आंत्रपुच्छाचा दाह झाला तेव्हा १२ जानेवारी १९२४ च्या रात्री ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. मध्येच विजेचे दिवे गेले, ती कंदिलाच्या उजेडात पुरी झाली. मातीच्या पट्टीवर भरवसा ठेवणाऱ्या पुरुषाने सुरीला संमती दिली होती.

लहान मुलांच्या पथ्यांविषयीही जपून असावे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या एका चाचणीत असे दिसले की वावड्याचा धोका असलेल्या तान्ह्या मुलांना भुईमूग टाळावयास लावण्यापेक्षा लवकर चारला, तर पुढे त्याची ॲलर्जी पुष्कळच कमी होते. सवयीने सात्म्य होते हे चरकाचे मत येथे आठवावे. उलट, बाजारात रक्ताचा एक थेंब घेऊन शंभर-दोनशे पदार्थांची वर्ज्ययादी हाती देणाऱ्या ‘आयजीजी’ चाचण्या मिळतात; ते प्रतिद्रव्य तो पदार्थ आपण खातो एवढेच सांगते, आणि युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संस्थेने २००८ सालीच या चाचण्या निरुपयोगी ठरविल्या आहेत.

राहता राहिले आपले वांगे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील संशोधकांनी सातशेहून अधिक माणसांची पाहणी करून २००८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शंभरात सुमारे नऊ जणांनी वांगे खाल्ल्यावर त्रास होतो असे सांगितले. आयजीईची खरी ॲलर्जी मात्र शंभरात एकाहूनही कमी जणांत आढळली. बाकीच्यांचे काय? वांग्यात हिस्टॅमीनसारखी द्रव्ये मुळातच असतात, आणि ज्यांची कातडी किंवा आतडी हळवी त्यांना ती जाणवत असावीत, असा त्यांचा तर्क आहे. म्हणजे येथे थोडा दोष वांग्यात आहे आणि थोडा खाणाऱ्यात. आणि पानावर हात आडवा धरणाऱ्या त्या पाहुण्याला बहुधा खरेच काहीतरी होत होते.