भोपळ्यापासून संगणकापर्यंत



माझी पुतणी परिचारिकेचा अभ्यासक्रम शिकते आहे. दिवाळीच्या सुटीत ती गावी आली, तेव्हा ओसरीवर बसून मोबाइलवर काहीतरी खेळत होती. माझ्या मातोश्रींना ते खपले नाही. "परीक्षा तोंडावर आली, नि तू खेळत बसलीस होय गं?" पुतणी म्हणाली, "आजी, हाच माझा अभ्यास आहे." पडद्यावर अपघातात सापडलेला एक माणूस होता. त्याचा रक्तगट तपासून त्याला योग्य ते रक्त चढवायचे होते. आजीने थोडा वेळ पाहिले आणि विचारले, "आणि तू चुकलीस तर?" पुतणी हसून म्हणाली, "तर पुन्हा पहिल्यापासून. खरा माणूस थोडाच दगावतो!"

आजीच्या या साध्या प्रश्नात वैद्यकशिक्षणाची एक फार जुनी अडचण दडलेली आहे. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' अशी आपल्याकडे म्हण आहे. पण वैद्यकात ठेच लागते शिकणाऱ्याला आणि रक्त निघते रोग्याचे! चुकल्याशिवाय हात बसत नाही, हे प्रत्येक कारागिराला ठाऊक असते. सुताराने लाकूड बिघडवले तर दुसरे आणता येते. शिकाऊ वैद्याची पहिली चूक मात्र कोणाच्या अंगावर व्हावी?

सुश्रुतसंहितेने या प्रश्नाचे चोख उत्तर दिलेले आहे. तिच्या सूत्रस्थानात 'योग्या' म्हणजे सराव या विषयाला एक स्वतंत्र अध्यायच आहे. छेद घेण्याचा सराव कोहळा, दुध्या भोपळा, कलिंगड, काकडी अशा फळांवर करावा. पाण्याने वा चिखलाने भरलेल्या कातडी पखालीवर चिरण्याचा, मेलेल्या जनावरांच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर वेध घेण्याचा, आणि कापडावर टाके घालण्याचा सराव करावा. पट्टी बांधायला शिकण्यासाठी तर माणसाच्या आकाराची बाहुलीच सांगितली आहे. शास्त्र कितीही पाठ असले, तरी ज्याने असा सराव केला नाही तो प्रत्यक्ष कामाला अपात्रच, असे ग्रंथकार बजावतो.

आता आपण फ्रान्सकडे वळू. अठराव्या शतकात तिथल्या खेड्यापाड्यांत बाळंतपणात माता व बालके दगावत. मादाम द्यु कुद्रे नावाच्या अनुभवी सुईणीने कापड, कातडे व भरण यांचे स्त्रीच्या कमरेच्या भागाचे एक यंत्र तयार केले आणि त्यात कापडी बाळ ठेवले. बाळ आडवे आले तर काय करावे, पायाळू असेल तर कसे सोडवावे, हे त्यावर शिकवता येई. राजा पंधराव्या लुईने १७५९ साली तिला राजाज्ञापत्र दिले. पुढे वीसहून अधिक वर्षे ती बाई गावोगाव हिंडली. तिच्या पुढ्यात बसणाऱ्या कित्येक बायांना अक्षरओळख नव्हती. पण हाताला वाचायला कुठे लागते? तिच्या यंत्रांपैकी एक रुआँ शहरातील संग्रहालयात आजही पाहायला मिळते.

विसाव्या शतकात तर चक्क खेळणी करणाराच या कामाला आला. नॉर्वेतील ओस्मुंड लार्डाल हा बाहुल्या व मोटारी करणारा कारखानदार. तोंडाने श्वास देऊन बुडालेल्याला वाचवण्याची पद्धत लोकांना शिकवावी, म्हणून त्याने माणसाएवढी 'अॅन' नावाची बाहुली केली. ती १९६० साली लोकांपुढे आली, आणि पुढे जगभर तिच्यावर माणसे प्रथमोपचार शिकली.

त्याच साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात 'प्लेटो' नावाची संगणकावर शिकवण्याची योजना सुरू झाली. थोड्याच वर्षांत मेरीअॅन बिट्झर यांनी तिचा उपयोग परिचारिकांच्या शिक्षणासाठी केला. पडद्यावर हृदयविकाराचा झटका आलेला एक कल्पित रुग्ण असे. विद्यार्थिनीने हवी ती माहिती विचारावी, काय करायचे ते स्वतः ठरवावे, आणि परिणाम पाहावा. त्याला कोणी खेळ म्हटले नाही. पण खेळाचे मर्म, म्हणजे 'करून पाहा, चुकलास तर पुन्हा कर', त्यात पुरते होते. पुढे १९७२ नंतर या योजनेतील दूरदूरचे पडदे तारांनी एका संगणकाला जोडले गेले. आजच्या ऑनलाइन खेळांचे हे पूर्वज म्हणायला हरकत नाही.

रक्तगटांचा एक खेळ नोबेल पारितोषिकाच्या संकेतस्थळावरही ठेवण्यात आला. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली रक्ताचे गट दाखवून दिले, आणि १९३० साली त्यांना नोबेल मिळाले. 'अ' गटाच्या रुग्णाला 'ब' गटाचे रक्त दिले तर त्याचे स्वतःचे रक्तद्रव्यच त्या परक्या पेशी फोडून टाकते, आणि जीवावर बेतते. हे पुस्तकात एका ओळीत लिहिलेले असते आणि वाचणारा ते विसरतो. पण आपल्या हातून चुकीची पिशवी लागली, पडद्यावरचा का होईना, माणूस कळवळला, की ते सहसा विसरत नाही.

मग खेळ दिला की शिक्षण झाले का? तसे नव्हे. बोटाने पडदा दाबून टाका घालता येत नाही. त्याला सुश्रुताचा भोपळा नि कापडच हवे. दुसरे असे, की घड्याळ लावून गुण देणाऱ्या खेळात मुले घाईने उत्तर ठोकायला शिकतात. खाटेवरचा रोगी घंटा वाजवून उत्तर बरोबर असल्याचे सांगत नाही. म्हणून खेळ संपल्यावर शिक्षकाने विद्यार्थ्यांना जवळ बसवून, 'तू हे का केलेस? दुसरे काय करता आले असते?' असे विचारले पाहिजे. खरा पाठ तिथे सुरू होतो. मादाम द्यु कुद्रेही नुसते यंत्र पाठवून स्वस्थ बसली नाही, ती स्वतः गावोगाव गेली, हे माझ्या शिक्षकबंधूंनी ध्यानात घ्यावे.

आपल्या गावच्या उपकेंद्रात बाळाला लस टोचणारी परिचारिका कुठेतरी, कशावर तरी हात बसवूनच आलेली असते. तो कशावर बसला, याची चौकशी करण्याचा गावाला पुरा अधिकार आहे. मोठ्या शहरात चुकीला सावरायला दहा माणसे धावतात. खेड्यात ती एकटी असते. तिच्या चुका आधीच, भोपळ्यावर, बाहुलीवर नि पडद्यावर होऊन जाव्यात, हेच बरे.

माझ्या मातोश्रींनी त्या दिवशी पुतणीला एवढेच सांगितले : "मग खेळ बाई. पण नीट खेळ."