ब्रिटनला ओळखपत्र का पचले नाही? (थ्रेड)

१/
२९ सप्टेंबर २०१०. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. त्यानंतर साडेचार महिन्यांनी, १० फेब्रुवारी २०११ रोजी, इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात ब्रिटनचे एक मंत्री डेमियन ग्रीन आपल्याच देशाच्या राष्ट्रीय ओळख नोंदवहीच्या हार्ड डिस्क यंत्रात टाकून त्यांचा भुगा करत होते.

२/
भारताने आपली प्रशासनव्यवस्था बऱ्याच अंशी ज्या देशाकडून घेतली, त्याच देशाला नागरिकांची एक नोंदवही सांभाळता आली नाही. शंभर वर्षांत ब्रिटनने हा प्रयोग चार वेळा केला आणि चारही वेळा तो गुंडाळला. यंत्रे बदलली, सरकारे बदलली; अडचणी मात्र त्याच दोन राहिल्या. त्या कोणत्या, याचा हा मागोवा.

३/
पहिला प्रयोग १९१५ चा. महायुद्धासाठी माणसे किती मिळतील, याचा सरकारला अंदाज हवा होता. १५ ऑगस्ट १९१५ या दिवसाच्या आधारे १५ ते ६५ वयाच्या स्त्री-पुरुषांची नोंद झाली. पुढच्याच वर्षी सक्तीची सैन्यभरती आली. मात्र घर बदलले, नोकरी बदलली, तर ते कळवण्यात सामान्य माणसाला कोणताच लाभ नव्हता. नोंदवही झपाट्याने जुनी झाली आणि युद्धानंतर मोडीत निघाली.

४/
हे अपयश नीट अभ्यासले ते सिल्व्हेनस व्हिव्हियन यांनी. ते १९२१ पासून इंग्लंड आणि वेल्सचे महानिबंधक होते. त्यांचा निष्कर्ष असा : नोंदवही स्वतःच्या बळावर जगत नाही. माणसाला रोज ज्याची गरज भासते, अशा एखाद्या गोष्टीवर तिने बांडगुळासारखे जगले पाहिजे. ती गोष्ट म्हणजे अन्न.

५/
दुसरे महायुद्ध सुरू होताच ही कल्पना अमलात आली. २९ सप्टेंबर १९३९ हा राष्ट्रीय नोंदणी दिन ठरला. (टेंभलीचीही हीच तारीख, हा निव्वळ योगायोग.) सुमारे ६५ हजार प्रगणक घरोघरी गेले आणि चार कोटींहून अधिक लोकांची नोंद झाली. ८ जानेवारी १९४० पासून बेकन, लोणी आणि साखर यांचे शिधावाटप सुरू झाले. शिधापुस्तिका मिळणार ती याच नोंदणीच्या आधारे.

६/
आता पत्ता बदलल्याचे कळवायला कोणी विसरत नव्हते. विसरले तर साखर अडत होती. १९१५ ला जे जमले नाही, ते पोटाने करून दाखवले. संगणक नसलेल्या काळात, केवळ कागद आणि कारकून यांच्या जोरावर, एक राष्ट्रीय नोंदवही बरीच वर्षे अद्ययावत राहिली. प्रशासनाच्या दृष्टीने हे असामान्य यश होते.

७/
पण या यशातच पुढच्या संकटाचे बीज होते. चालू स्थितीतली नोंदवही दिसली की प्रत्येक खात्याला ती वापरावीशी वाटते. आरंभी उद्दिष्टे तीन होती : सैन्यभरती, सुरक्षा आणि शिधावाटप. १९५० पर्यंत ३९ सरकारी यंत्रणा तिचा वापर करू लागल्या होत्या. १९४८ ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हा रुग्णांसाठीही हाच नोंदणी क्रमांक घेतला गेला. युद्ध संपून पाच वर्षे लोटली, तरी पोलीस रस्त्यात ओळखपत्र मागतच होते.

८/
७ डिसेंबर १९५०. उत्तर लंडनच्या फिंचली भागात पोलिसाने क्लॅरेन्स विलकॉक यांची मोटार थांबवून ओळखपत्र मागितले. विलकॉक लिबरल पक्षाचे कार्यकर्ते होते. आपण लिबरल असून हा प्रकार आपल्याला मान्य नाही, असे सांगून त्यांनी नकार दिला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि ‘विलकॉक विरुद्ध मकल’ या नावाने प्रसिद्ध झाले.

९/
जून १९५१ मध्ये निकाल लागला. कायदा अजून लागू असल्यामुळे विलकॉक दोषी ठरले. पण सरन्यायाधीश लॉर्ड गोडार्ड यांनी सरकारलाच खडसावले. सुरक्षेसाठी केलेला कायदा भलत्याच कामांसाठी वापरला, तर कायदा पाळणारी माणसे कायदा मोडणारी ठरतात आणि पोलीस व जनता यांच्यातील सद्भाव नष्ट होतो, असे त्यांच्या टीकेचे सार होते. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी चर्चिल सरकारने ओळखपत्रे रद्द केल्याचे जाहीर केले.

१०/
येथे पहिली अडचण स्पष्ट होते. नोंदवही जगवायची, तर ती रोजच्या गरजेशी जोडावी लागते. जोडली की तिचा पसारा वाढतो. पसारा वाढला की लोकांचा विश्वास उडतो. जे औषध तेच विष.

११/
दुसरी अडचण समजण्यासाठी आणखी मागे, १८५४ मध्ये जावे लागते. त्या वर्षी नॉर्थकोट-ट्रेव्हेलियन अहवाल प्रसिद्ध झाला. ओळखीपाळखीने, वशिल्याने होणाऱ्या नेमणुका बंद करून स्पर्धा परीक्षेने अधिकारी निवडावेत, ही त्यातली मुख्य शिफारस. त्याचे एक कर्ते चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी आपली कारकीर्द ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत, भारतात सुरू केली होती. ते मेकॉलेचे मेहुणे. त्याच वर्षी मेकॉलेच्या समितीने भारतातील सनदी नोकऱ्यांसाठी हाच मार्ग सुचवला आणि १८५५ मध्ये लंडनला पहिली खुली परीक्षा झाली.

१२/
या सुधारणेतून निष्पक्ष, कायमस्वरूपी आणि गुणवत्तेवर निवडलेली नोकरशाही उभी राहिली. तिचे मोल कमी लेखता येणार नाही. मात्र तिची रचना खात्यांची होती. १८६६ च्या कायद्याने प्रत्येक खात्याने आपला वार्षिक हिशेब मांडणे बंधनकारक केले. खात्याचा प्रमुख अधिकारी आपल्या खात्याच्या पैशांसाठी संसदेला उत्तरदायी. ही शिस्त भ्रष्टाचार रोखते. पण सर्वांच्या सामाईक कामासाठी स्वतःच्या थैलीतून पैसे काढायला कोणालाच कारण देत नाही.

१३/
१९६८ च्या फुल्टन समितीने आणखी एका दोषावर बोट ठेवले. या सेवेत सर्व विषयांत थोडीथोडी गती असलेल्या अधिकाऱ्यांचा वरचष्मा आहे. अभियंते, शास्त्रज्ञ अशा तज्ज्ञांना अधिकार नाही. समितीच्या शिफारशीनुसार स्वतंत्र नागरी सेवा खाते स्थापन झाले खरे, पण थॅचर सरकारने ते १९८१ ला मोडले. संगणकाचे युग उंबरठ्यावर असताना तज्ज्ञ पुन्हा परिघावरच राहिले.

१४/
तिसरा प्रयोग टोनी ब्लेअर यांचा. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर ओळखपत्राची कल्पना पुन्हा पुढे आली आणि २००६ मध्ये कायदा झाला. बोटांचे ठसे आणि मध्यवर्ती नोंदवही, असा भव्य आराखडा होता. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या २००५ च्या अहवालाने खर्च १,०६० ते १,९२० कोटी पौंडांवर जाईल, असा अंदाज दिला.

१५/
महसूल खात्याने टपालाने पाठवलेल्या दोन सीडी हरवल्याचे नोव्हेंबर २००७ मध्ये उघड झाले. त्यांत बालभत्ता घेणाऱ्या कुटुंबांतील अडीच कोटी लोकांची माहिती होती. ज्यांना दोन सीडी सांभाळता येत नाहीत, त्यांच्या हाती बोटांचे ठसे कसे द्यायचे, हा प्रश्न घराघरांत गेला. सुमारे १५ हजार ओळखपत्रे दिली गेली, तोच २०१० ला सत्तांतर झाले. कायदा रद्द झाला. एसेक्समधला तो भुगा याच नोंदवहीचा.

१६/
चौथा प्रयोग सर्वांत बोधप्रद, कारण त्याने इतिहासाचा एक धडा मनापासून घेतला होता. २०११ मध्ये गव्हर्न्मेंट डिजिटल सर्व्हिस, म्हणजे जीडीएस, स्थापन झाली. मंत्री फ्रान्सिस मॉड यांचा तिला पाठिंबा होता. बाहेरून आलेल्या संगणकतज्ज्ञांना प्रथमच सरकारच्या केंद्रस्थानी जागा मिळाली. फुल्टन समितीला जे हवे होते, ते काही अंशी येथे घडले.

१७/
जीडीएसच्या ‘व्हेरिफाय’ या सेवेत मध्यवर्ती नोंदवहीच नव्हती. पोस्ट ऑफिस, बार्कलेज, एक्स्पिरियन अशा संस्थांपैकी नागरिकाने एक निवडायची. ती त्याची ओळख पडताळून संबंधित सरकारी सेवेला कळवणार. कोण कोणती सेवा वापरतो, हे कोणालाही एकत्रित दिसू नये, अशी ही रचना होती. लॉर्ड गोडार्ड यांच्या आक्षेपाला दिलेले हे जणू तांत्रिक उत्तरच. मे २०१६ मध्ये सेवा अधिकृतपणे सुरू झाली.

१८/
२०२० पर्यंत अडीच कोटी लोक ती वापरतील, असे उद्दिष्ट होते. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या मार्च २०१९ च्या अहवालानुसार फेब्रुवारी २०१९ पर्यंत संख्या होती ३६ लाख. ९० टक्के लोकांची पडताळणी यशस्वी व्हावी, ही अपेक्षा. प्रत्यक्षात ४८ टक्के. ४६ सेवा जोडल्या जाणार होत्या, जोडल्या गेल्या १९. डिसेंबर २०१८ पर्यंत किमान १५ कोटी ४० लाख पौंड खर्च झाले होते.

१९/
या आकड्यांमागे माणसे आहेत. ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ हे गरिबांसाठीचे एकत्रित साहाय्य. त्यासाठी अर्ज करणाऱ्यांपैकी केवळ ३८ टक्क्यांना व्हेरिफायद्वारे ओळख सिद्ध करता आली. पडताळणी होत होती ती पासपोर्ट, वाहनपरवाना आणि कर्जाच्या इतिहासावरून. परदेशी न गेलेल्या, मोटार नसलेल्या, बँकेचे कर्ज कधी न मिळालेल्या माणसाकडे यातले काहीच नसते. ज्याला मदतीची सर्वाधिक निकड, त्याचीच ओळख यंत्राला पटत नव्हती.

२०/
आणि खाती? महसूल खाते २००१ मध्ये सुरू झालेली ‘गव्हर्न्मेंट गेटवे’ ही व्यवस्था वापरत होते. करवसुली हे त्याचे काम. चालू व्यवस्था सोडून दुसऱ्याच्या अपुऱ्या व्यवस्थेवर विसंबण्याची जोखीम ते का घेईल? प्रत्येक खात्याने आपापल्या दृष्टीने शहाणपणाचाच निर्णय घेतला. त्या शहाणपणांची बेरीज म्हणजे व्हेरिफायचे अपयश. ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारने निधी थांबवण्याची घोषणा केली आणि एप्रिल २०२३ मध्ये सेवा बंद झाली.

२१/
म्हणजे १९३९ च्या नोंदवहीला बळ होते, पण मर्यादा नव्हती. व्हेरिफायला मर्यादा होती, पण बळ नव्हते. तिच्यावाचून कोणाचीच साखर अडत नव्हती.

२२/
भारताने व्हिव्हियन यांचीच वाट धरली. आधार शिधा, अनुदान, निवृत्तिवेतन यांच्याशी जोडले गेले आणि एप्रिल २०१६ पर्यंत १०० कोटींचा टप्पा ओलांडला. त्याबरोबर जुने प्रश्नही आले. श्रमाने झिजलेल्या बोटांचे ठसे रेशन दुकानातील यंत्राला जुळत नाहीत, तेव्हा प्रश्न त्या दिवशीच्या धान्याचा असतो. बँक खाते आणि मोबाइल यांच्याशी सक्तीची जोडणी आली, तेव्हा १९५० मधल्या पसाऱ्याचीच पुनरावृत्ती दिसली.

२३/
२६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने आधारची मूळ योजना वैध ठरवली, अनुदानांसाठीची जोडणी मान्य केली, मात्र बँक खाते आणि मोबाइल यांची सक्ती रद्द केली. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी भिन्नमतात संपूर्ण कायदाच घटनाबाह्य ठरवला. नोंदवहीला कुंपण किती आणि कोठे घालायचे, हा लॉर्ड गोडार्ड यांच्यापुढचा प्रश्न ६७ वर्षांनी दिल्लीत पुन्हा उभा होता.

२४/
सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी डिजिटल ओळखपत्राची योजना जाहीर केली. विरोधातील याचिकेवर वीस लाखांहून अधिक सह्या झाल्या. पुढच्याच महिन्यात ते मुंबईत आले आणि त्यांनी आधारचे शिल्पकार नंदन निलेकणी यांची भेट घेतली. सनदी परीक्षेची कल्पना ज्या दोन देशांत एकाच वेळी रुजली, त्यांच्यातला हा आणखी एक धडा. यावेळी शिकवणारा बदललेला.

२५/
व्हेरिफायच्या जागी आता ‘वन लॉगिन’ आले आहे. त्याचे भवितव्य संगणकापेक्षा तीन जुन्या प्रश्नांवर ठरेल : त्यासाठी आपली व्यवस्था सोडायला कोणते खाते तयार होते, त्याचा वापर कोठे थांबवायचा हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे राहतो, आणि ज्याच्याकडे दाखवायला एकही कागद नाही, त्याला खिडकीवरून परत न पाठवण्याची जबाबदारी कोण घेतो.